खोट्या खडकावरची पावलं

सोमवारी सकाळी भिंतीवर पाऊल दिसलं. माकडाचं असतं तर नोमागुगु न्याथीला एवढा राग आला नसता. पण माकडं अजून आत सोडलीच नव्हती, आणि हे पाऊल चांगलं लांबरुंद, तांबड्या धुळीनं उठलेलं, माणसाचं होतं. तेही जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर. म्हणजे कुणीतरी अनवाणी माणूस तिच्या भिंतीवर पाय रोवून उभा राहिला होता.

"फिनियस!" ती ओरडली. "तो चहा खाली ठेव आणि इकडे ये आधी."

फिनियस सिबांडा तिच्याकडे सिमेंटचा माल कालवायचा. गेली पंधरा वर्षं दोघं एकत्र काम करत होती. तो चहा न ठेवताच आला, वाकून बघितलं आणि एक घोट घेतला.

"पाय आहे," तो म्हणाला.

"पाय आहे ते मलाही दिसतंय. कुणाचा?"

"माझा नाही बुवा. माझे बूट सहा महिने पायातून निघालेले नाहीत. खोटं वाटत असेल तर बायकोला विचार, ती रोज नाक धरून सांगते."

नोमागुगुला हसू आलं नाही. ही भिंत म्हणजे तिचा जीव की प्राण. झिंबाब्वेतल्या बुलावायो शहराच्या वेशीबाहेर अनाथ जनावरांचं एक केंद्र होतं, तिथं कुत्र्यासारख्या तोंडाची दांडगी माकडं, म्हणजे बबून, चौदा होते. आजवर ते गंजक्या पिंजऱ्यात दिवस काढत होते. आता त्यांच्यासाठी मोकळं आवार बांधायचं, आणि भोवती भिंत अशी उभी करायची की बघणाऱ्याला ती भिंत न वाटता माटोबोच्या टेकड्यांतला कातळच वाटावा, हे काम तिच्याकडे आलं होतं. सळया वाकवायच्या, त्यावर जाळी बांधायची, जाळीवर माल मारायचा, आणि माल ओला आहे तोवरच्या तीन तासांत थापीनं, ब्रशनं, चुरगळलेल्या कागदानं त्याचा खडक करून टाकायचा. असे खोटे खडक तिनं हॉटेलांच्या बागांत केले होते, मगरींच्या तळ्याभोवती केले होते, पण सगळे दुसऱ्याच्या हाताखाली. मुख्य कारागीर म्हणून तिचं नाव लागलं ते याच भिंतीला, पहिल्यांदा. कंत्राटदारानं नाव लावतानाच सांगितलं होतं, "नोमागुगु, बाईमाणूस परांचीवर चढवलीय म्हणून आधीच लोक मला हसतायत. ही भिंत नापास झाली तर पुढच्या कामाला तू माल कालवायला येशील."

आणि नापास व्हायला कारण एकच पुरेसं होतं. भिंत चढता आली नाही पाहिजे. उंची साडेचार मीटर, वरच्या टोकाला आत झुकलेला जाड ओठ, आणि आतल्या अंगाला बोटाच्या पेराहून मोठी कड कुठं म्हणजे कुठं नको. विजेची तार लावायचा विषयसुद्धा कुणी काढला नव्हता, कारण वीज दिवसातून सहा तास आली तरी इथं लोक देवाचे आभार मानायचे. जे काही अडवायचं ते भिंतीनंच अडवायचं. पलीकडं हाकेच्या अंतरावर प्राथमिक शाळा होती, आणि नगरपालिकेची अट अशी की बाहेर पडलेला बबून दिसला की गोळी घालायची. विचारायचं नाही, पकडायचं नाही, गोळी. चौदा जीव त्या भिंतीच्या भरवशावर होते. तपासणी शुक्रवारी.

"कुणीतरी माझ्या वाईटावर आहे," नोमागुगु म्हणाली.

फिनियसनं हनुवटीनं जुन्या पिंजऱ्याकडे खूण केली. तिथं झेफानिया न्कुबे उपड्या बादलीवर बसून बबूनांना पेरू देत होता. एकेकाला नावानं हाक मारून.

"येता-जाता बूट काढून कोण बसतं इथं?" फिनियसनं हळूच विचारलं.

झेफानिया म्हणजे तीस वर्षांपासूनचा त्यांचा राखणदार. साठी उलटलेला, गुडघ्यांनी वाकलेला, डोक्यावर उन्हानं पांढरी पडलेली टोपी. आणि आडनाव न्कुबे. आता न्कुबे म्हणजे काय ते त्या मुलुखात शेंबड्या पोरालाही कळतं. न्कुबेंचं देवक माकड. न्कुबे माकडाला मारत नाही, खात नाही, कुणी त्याच्यासमोर माकडाची टिंगल केली तर ताटावरून उठून जातो. फिनियसचं देवक सिंह, नोमागुगुचं रानरेडा, पण सिंहाला आणि रेड्याला कुणी भिंत बांधत नव्हतं.

"आपल्या भाऊबंदांना तू कोंडतेयस म्हटल्यावर म्हातारा गप्प बसेल होय?" फिनियस म्हणाला. "अकरा वर्षांपूर्वी त्याची ती लाडकी माकडीण, मार्गरेट, कुंपणातून निसटली आणि गोळीला बळी पडली, माहितीय ना? हातात उचलून आणलं होतं त्यानं तिला. तेव्हापासून कुंपण, भिंत कशावरच त्याची मर्जी नाही. मी आपलं सांगितलं."

आपलं सांगितलं! फिनियसचं तोंड म्हणजे फुटकी मोरी, पण मोरीतूनही कधी कधी खरं पाणी वाहतं. नोमागुगुच्या मनात पाल चुकचुकली ती तिथं. ओल्या फडक्यानं तिनं पाऊल पुसून काढलं, पण डोक्यातून ते काही पुसलं जाईना.

ज्या जागी पाऊल होतं ती जागाही अशी तशी नव्हती. भिंतीच्या पूर्वेच्या अंगाला एक उभी भेग होती, नोमागुगुनं स्वतःच्या हातानं कोरलेली. त्या दिवशी तिनं सगळ्यांना दूर केलं होतं. नकाशात भेग अर्ध्यावर संपत होती. पण अर्ध्यावर संपलेली भेग खोटी दिसते. खरा कातळ फुटतो तो आरपार फुटतो. तिच्या डोळ्यांसमोर आजोळच्या गोठ्यामागचा कातळ होता, माटोबोतला, ज्याच्या माथ्यावरून शहराकडून येणारी बस दिसायची. आई शहरात लोकांच्या घरी कामाला होती आणि महिन्याअखेरी त्या बसनं यायची. तीन तास हात आपोआप चालला. भेग वर गेली, वळली, ओठातून थेट वरपर्यंत गेली. शेवटी मागं सरून बघितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी खरी भेग तिनं जन्मात केली नव्हती. आणि नेमकी त्याच भेगेला कुणाचा तरी पाय लागावा!

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत सगळे सावलीत बसले होते. ऑक्टोबरचं ऊन म्हणजे आगीचा लोळ. फिनियस मोपानी झाडावरच्या वाळवलेल्या अळ्या कुरकुर चावत होता. झेफानियानं बूट काढून पाय पसरले होते, आणि नोमागुगुची नजर सहज तिकडं गेली. सहज कसली, दोन दिवस तिची नजर त्या पायांवरच होती. उजव्या अंगठ्याच्या नखाशी शेंदरी ठिपका.

तिच्या हातातला घास हातातच राहिला. आदल्या संध्याकाळी काम बंद करायच्या आधी तिनं दात घासायच्या ब्रशनं रंग उडवून भेगेच्या कडेला दगडफूल केलं होतं. शेंदरी रंग. साऱ्या भिंतीवर फक्त त्याच एका ठिकाणी. आणि ते ठिकाण दीड पुरुष उंचीवर होतं.

"बाबा, पायाला काय लागलंय तुमच्या?" तिनं विचारलं.

झेफानियानं खाली बघितलं. पाय हळूच आखडून घेतला.

"वय लागलंय, सिसी," तो म्हणाला. सिसी म्हणजे तिकडं ताई.

बाकीचे हसले. तो हसला नाही. म्हणाला, "तुझी भिंत फार खरी झालीय."

या धंद्यात 'खरी' यापेक्षा मोठी शाबासकी नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर नोमागुगु आठवडाभर हवेत तरंगली असती. पण म्हाताऱ्याचा सूर शाबासकीचा नव्हता.

"म्हणजे?"

"म्हणजे हवी त्यापेक्षा जास्त खरी. ती तुझी भेग आहे ना..."

"बाबा," नोमागुगुनं त्याला तिथंच तोडलं, "तुम्ही माकडांचं बघा. दगडाचं मी बघते."

"रेड्यानं शिंग रोखलं रे," फिनियस पुटपुटला. झेफानियानं टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. बघितलंस, नोमागुगुनं मनाशी म्हटलं, भेगेचं नाव निघालं आणि कसा गप्प झाला. चोराच्या मनात चांदणं.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. एकदा संशय घरात शिरला की तो पाहुण्यासारखा राहत नाही, मालकासारखा राहतो. म्हाताऱ्यानं गेल्या महिन्यात विचारलं होतं की माल किती तासांत घट्ट होतो. का विचारलं होतं? एखाद्या पिल्लाला कडेवर घेऊन तो भिंतीजवळ का उभा राहायचा, त्याला काय दाखवत होता? साध्या साध्या गोष्टी आता दात विचकून तिच्याकडे बघायला लागल्या.

बुधवारी पहाटेची पहिली गाडी पकडून ती साडेपाचलाच कामावर पोचली. उजाडत होतं. आवाराचं मागचं लोखंडी दार उघडलं आणि आतून झेफानिया बाहेर आला. हातात वीतभर लोखंडी आकडा. गुडघ्यांना धूळ, बोटांची सालटी निघालेली.

नोमागुगु वाटेतच आडवी उभी राहिली.

"एवढ्या सकाळी, बाबा?"

"बबूनांना घड्याळ कुठं कळतं?"

"बबून त्या बाजूला आहेत. तुम्ही या बाजूनं येताय."

"सिसी, जरा माझं ऐकून..."

"आणि हा आकडा?"

"पिंजऱ्याची कडी काढायचा आहे. तीस वर्षं माझ्या खिशात आहे तो."

ती त्याला ढकलूनच आत गेली. भेगेच्या कडेचा कपचा उडाला होता, गुडघ्याच्या उंचीवर, ताजा. आतला सिमेंटचा करडा रंग उघडा पडला होता. तिनं बोटानं चाचपून बघितलं. तो तिची भिंत फोडत होता! रोज थोडी थोडी, खाच पाडत, पायऱ्या करत, आपल्या भाऊबंदांसाठी. ती मागं वळली तोवर म्हातारा निघून गेला होता.

केंद्र चालवणाऱ्या मिसेस म्लिलो आठ वाजता आल्या. नोमागुगु त्यांच्या दारात उभीच होती. पाऊल, रंग, आकडा, कपचा, सगळं तिनं एका दमात सांगितलं.

"झेफानिया?" मिसेस म्लिलोंनी चष्मा काढला. "अगं, तो त्या जनावरांसाठी जीव देईल."

"तेच म्हणतेय मी. तो न्कुबे आहे."

"तू मला देवक सांगतेस? एकविसाव्या शतकात?"

"देवक म्लिलोंनाही असतं. तुमच्यासमोर कुणी तुमच्या देवकाला कोंडलं तर तुम्ही काय कराल?"

मिसेस म्लिलो चष्मा पुसत राहिल्या. मोठी शिकलेली बाई, पण जे आजीच्या मांडीवर ऐकलेलं असतं ते पदवीनं जात नाही. शेवटी म्हणाल्या, "शनिवारपासून त्याला बाहेर गाड्या लावायच्या गेटवर ठेवते. बबूनांकडं फिरकायचं नाही. पुरे?"

पुरे होतं. नोमागुगुनं दुपारी कपचा भरून काढला, वर रंग मारला. हात मात्र नेहमीसारखा चालत नव्हता. तिकडं जुन्या पिंजऱ्यातून बबून ओरडत होते. राखणदाराला कचेरीत बोलावलं होतं आणि त्यांची जेवायची वेळ टळून गेली होती.

गुरुवारी झेफानिया स्वतःच तिच्याकडे आला. टोपी हातात. ती परांचीवर होती, तो खाली.

"तू सांगितलंस त्यांना?"

"हो, मी सांगितलं. तोंडावर सांगते, मी घाबरत नाही कुणाला."

"बरं केलंस. मग भेगेचंही सांगितलंस का?"

"भेग माझी आहे. तिला हात लावायचा तुम्हाला काय अधिकार?"

"हात नाही गं पोरी, पाय म्हणतोय मी. तू एकदा खाली येऊन तुझा स्वतःचा पाय..."

"ए म्हाताऱ्या!" फिनियस घमेलं टाकून धावला. "झालं तेवढं पुरे नाही का तुला? जा, गेट सांभाळ आपलं."

झेफानियानं वर नोमागुगुकडे बघितलं. ती थापी फिरवत राहिली. तिनं मुद्दाम खाली बघितलं नाही. खालून त्याचा आवाज आला, "गुडघे आहेत ना, ते दोन तृतीयांशावर दगा देतात. नाहीतर हे बोलायची पाळी आली नसती." असलं काहीतरी चमत्कारिक बोलून तो गेला. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, फिनियस म्हणाला. नोमागुगुनं मान हलवली.

शुक्रवारी वन खात्याचे तपासनीस त्शुमा आले. उंच, सडपातळ, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांच्याकडं एक काठी होती, टोकाला बोटाच्या पेराएवढा लोखंडी खिळा आडवा ठोकलेला. खिळा जिथं टेकून राहील ती कड मोठी, भिंत नापास. सव्वा तास त्यांनी भिंतीचा इंच न् इंच तपासला. नोमागुगु मागं मागं फिरत होती. भेगेपाशी आले. खिळा आत घातला, तो घसरला. वर घातला, तिथंही घसरला. भेग उभी होती, तिला कड नव्हतीच. त्शुमांनी ओठापर्यंत काठी नेली आणि खाली घेतली.

"सुरेख काम आहे," ते म्हणाले. "मला वाटलं असतं की हा माटोबोतला तुकडा कापून आणलाय."

कंत्राटदारानं नोमागुगुच्या पाठीवर थाप मारली. मिसेस म्लिलो हसल्या. त्शुमांनी कागद फळीवर ठेवला आणि खिशातून पेन काढलं.

तेव्हा मागच्या लोखंडी दारातून झेफानिया आत आला. बूट त्यानं दारातच काढले. टोपी काढून बुटांवर ठेवली. कुणाशी काही न बोलता भिंतीपाशी गेला, भेगेत हात घातला आणि आतल्या आत मूठ वळली. मूठ घट्ट बसली. मग उजवा पाय आडवा करून भेगेत सारला आणि तो तिरपा फिरवून उभा केला. पायही बसला. आणि तो साठीतला, गुडघ्यांनी वाकलेला माणूस भिंतीवर चढायला लागला.

"अरे! अरे, उतर!" मिसेस म्लिलो ओरडल्या. "बघा त्शुमासाहेब, हाच तो! खाचा पाडून ठेवल्यात त्यानं, आम्हाला आधीच संशय होता. नोमागुगु, सांग ना!"

सगळ्यांनी नोमागुगुकडे बघितलं. कंत्राटदारानं, फिनियसनं, पेन हातात धरलेल्या त्शुमांनी. हो म्हणायची देर होती. हो, त्यानंच फोडलंय. परवा तिचा स्वतःचाच यावर विश्वास होता, काल होता, आत्ता दारातून तो आत येईपर्यंत होता. दोन दिवसांत खाचा भरून देते म्हटलं असतं की भिंत वाचली, नाव वाचलं.

पण ती त्या पायांकडे बघत होती. उजवा पाय आडवा, मग तिरपा. डावी मूठ डोक्यावर. मग अंग उजवीकडं टाकायचं, कारण तिथं भेग वळते. म्हातारा तसाच वळला. नोमागुगुच्या स्वतःच्या पायाच्या कडा दुखायला लागल्या, चाळीस वर्षांपूर्वी दुखायच्या तशा. असंच चढायचं असायचं. महिन्याअखेरी, अनवाणी, फ्रॉक कमरेला खोचून. खालून मामेभावंडं ओरडायची, दिसली का गं बस? एकही खाच कुणी पाडलेली नव्हती; तो कपचाही पाय घसरूनच उडाला असणार. त्या भेगेत आख्ख्या गावची पोरं चढायची आणि तिच्यापेक्षा वेगानं बबून चढायचे. हातानं खडक आठवला होता आणि खडकाबरोबर वाटही आठवली होती. काखेत कळसा आणि ती आठवडाभर गावाला वळसा घालत होती.

दोन तृतीयांशावर झेफानिया थांबला. गुडघा थरथरत होता. इथंच तो रोज थांबत असणार आणि उतरत असणार, तिला कळलं. आज तो उतरला नाही. आणखी एक मूठ वर घातली आणि ओठाखाली लोंबकळला. डावा पाय भेगेतून सुटला. हवेत चाचपडायला लागला. सिमेंटवर नुसतीच बोटं घासत होती. खाली साडेतीन मीटरवर कडक जमीन होती.

"शिडी आणा!" त्शुमा ओरडले.

शिडी आवाराच्या पलीकडच्या टोकाला होती. फिनियस धावला, पण एवढा वेळ म्हाताऱ्याची मूठ धरणार नाही हे उघड होतं. नोमागुगुला ठाऊक होतं पाय कुठं जायला पाहिजे. तिथं भेगेच्या आत, बाहेरून न दिसणारा, टाच बसेल एवढा खळगा होता. कारण आजोळच्या कातळात तो होता. बोलली की सगळ्यांना कळणार होतं तिला तो कसा माहीत. नाही बोलली तर म्हातारा पडणार होता.

"डावा पाय गुडघ्याएवढा वर घ्या, बाबा!" ती ओरडली. "आत! अजून आत! टाच घाला, बोटं नको! टाच!"

टाच बसली.

"आता उजवा हात ओठावरून पलीकडं. भेग तिथं रुंद होते. कोपर अडकवा. अडकलं? आता पोटानं वर व्हा."

झेफानिया पोटानं वर झाला, फरफटत, धापा टाकत, आणि भिंतीच्या माथ्यावर पालथा पडला.  पलीकडं चौदाही बबून जाळीला चिकटून गप्प बघत होते.

"तुला कसं माहीत?" त्शुमांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"ती भेग मी कोरलीय," नोमागुगु म्हणाली. "त्यानं काही फोडलेलं नाही. नकाशात ती अर्ध्यावर थांबत होती, मी वर नेली. आमच्या गावाकडं अशी भेग आहे. मी लहानपणी तिच्यातूनच चढायचे. माझी भिंत चढता येते, साहेब. म्हातारा तीन वेळा सांगायला आला, मी त्याला बोलू दिलं नाही. वर त्याची चुगली केली."

"नोमागुगु!" कंत्राटदार दातओठ खात म्हणाला.

"मी माल कालवीन. ठरलंय आपलं."

त्शुमांनी पेनाचं टोपण लावलं. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मिसेस म्लिलो वर बघत होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की ऊन होतं ते कळत नव्हतं. म्हणाल्या, "झेफानिया, खाली ये. शनिवारचं... ते गेटचं मी काही बोलले नव्हते असं समज."

"यायचं तर आहे," वरून आवाज आला. म्हातारा उठून बसला होता, पाय भिंतीच्या पलीकडं सोडून. "पण न्कुबेला चढायचं शिकवतात, उतरायचं कुणी शिकवत नाही."

कुणीतरी हसलं. फिनियस शिडी खांद्यावर घेऊन धापा टाकत आला आणि तोंड उघडं टाकून वर बघत राहिला. त्याला काय घडलं ते कुणी सांगितलं नाही. नोमागुगुनं त्याच्याजवळची शिडी घेतली, भिंतीला लावली आणि स्वतःच चढायला लागली. कमरेला हातोडा आणि छिन्नी होती. ओठापाशी पोचल्यावर तिचं डोकं म्हाताऱ्याच्या पाठीशी आलं. त्याची बोटं सोलून रक्ताळली होती आणि तो पलीकडं बघत होता.

"बाबा," ती म्हणाली.  मग लहानपणी मामेभावंडं खालून विचारायची तसंच तोंडात आलं. "काय दिसतंय?"

"शाळा," झेफानिया म्हणाला. "मधली सुट्टी झालीय. तो आंबा दिसतो ना, त्याच्याखाली पोरं डबा खातायत. मार्गरेट तिथवर पोचली होती. कुणाच्या तरी हातातली भाकरी मागत होती."

नोमागुगुनं आणखी एक पायरी चढून तो आंबा बघितला. मग तिनं म्हाताऱ्याला जरा बाजूला सरकायला सांगितलं, भेग जिथं ओठातून वर येत होती तिथं छिन्नी टेकवली आणि पहिला घाव घातला.